कल्हईचं पाणी

१० ऑक्टोबर १९७०, दसरा

आज नळी निघाली.

सकाळी यंत्राला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि दुपार टळेपर्यंत साच्यातून नुसते जळके, वेडेवाकडे तुकडे पडत राहिले. रंगराव, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ आणि या धंद्यातले भागीदार, घागरीतून बोलावं तशा आपल्या जाड आवाजात म्हणाले, "दादा, यंत्र रुसलं आपल्यावर. वहिनीच्या हातचा पेढा पायजे त्याले." मग उन्हं कलताना एकाएकी प्लास्टिकची सलग, गुळगुळीत नळी बाहेर पडू लागली. काचेसारखी आरपार. ह्यांनी तिचा तुकडा कापून दारातल्या उजेडात धरला आणि त्याच्याआडून माझ्याकडे पाहिलं. "काय मॅडम, दिसतो काय मी?"

मॅडम हे माझं ह्यांनी ठेवलेलं नाव. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून थेट खामगावच्या या कुटुंबात आले तेव्हा हे थट्टेनं मला "सिस्टर" म्हणायचे. बायकोला बहीण म्हणतो म्हणून सासूबाईंनी ह्यांच्याशी अबोला धरला. तेव्हापासून मॅडम. पुढे सासूबाई गेल्या, मूलबाळ झालं नाही, ज्या कापसाच्या जिनिंगात ह्यांची सगळी नोकरी झाली ते जिनिंगही बंद पडलं. त्याच रिकाम्या शेडमध्ये आज नळी निघाली. आढ्याला अजून कापसाचे पुंजके लटकलेले आहेत.

साठीला आलेला माणूस इतकं हसू शकतो, हे मला विसरायचं नाही.

२४ ऑक्टोबर

नळी कशी होते ते आता मला समजलं आहे. मुंबईहून पांढरी भुकटी येते. तिच्यात तेल घालतात आणि एक औषध. औषध नसलं तर भुकटी तापल्यावर करपते. पुष्कळ ठिकाणी शिशाचं औषध वापरतात. ह्यांनी ते आणू दिलं नाही. "शिशानं माणूस खंगते. आपल्या अठी बायामाणसं काम करतात. मले शिसं नको." म्हणून कथलाचं औषध आणलं, पातळ, तेलकट. नळी आरपार दिसते तीही त्याच्यामुळेच. मला ह्यांचं फार कौतुक वाटलं.

औषध मिसळायचं काम जानरावाकडे आहे. पूर्वी जिनिंगात होता, उंच, अबोल. कोपरापर्यंत हात घालून भुकटी कालवतो. त्याची बायको बनाबाई नळ्यांची वेटोळी बांधते. ती आज मला म्हणाली, "माई, हे पानी वास मारते. इखारी त नाई ना?"

मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. त्यांच्या टेबलावर आयर्लंडहून आलेला बिस्किटांचा डबा असे. त्याच्यावर बोटानं टकटक करून त्या सांगायच्या, लोखंडाला गंज चढतो म्हणून त्याला आतून कथील लावतात. कथील हा सज्जन धातू आहे. मी बनाबाईला घरी आणलं, नुकतंच कल्हई केलेलं पितळेचं पातेलं तिच्यापुढे धरलं. कल्हई उडाली की ताक कळकतं, कल्हई असली की कळकत नाही. तेच हे कथील. त्याचंच ते औषध.

"म्हंजे कल्हईचं पानी हाय म्हना," ती हसली. "मंग काय भेव?"

संध्याकाळपर्यंत सगळी शेड त्याला कल्हईचं पाणी म्हणू लागली. इतक्या वर्षांनी शाळेतलं काहीतरी कामी आलं म्हणून मला बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

औषधाचं पहिलं पिंप संपलं. आधीचा व्यापारी आता माल देत नाही, म्हणून रंगरावांनी मुंबईहून दुसऱ्याकडचं आणलं. या पिंपावर चिठ्ठी नाही. वास फार उग्र, सडक्या लसणासारखा. जानराव म्हणाला, डोकं ठणकतं. रंगराव म्हणाले, "नव्या नवरीचाबी वास नवाच असते बे. चार रोजात सवय होते." सगळे हसले. मीही हसले.

६ डिसेंबर

बनाबाईच्या वस्तीतले लोक आज सकाळी विहारात जमले होते. जानराव घरून निघाला तो विहारात पोचलाच नाही. शोधलं तेव्हा तो गावाबाहेरच्या तुरीत उभा होता. बनाबाई सांगत होती, "म्या म्हतलं, अठी काऊन उभे? त मलेच म्हनते, तू कोनाची व बाई?" परवा त्यानं भाकरीची टोपली भिंतीवर आपटली. आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता म्हणे. आणि खातो इतकं की पोरांना उरत नाही.

रंगराव म्हणतात, पीत असेल. हे म्हणाले, "जानराव पिणारा नाही. मी त्याले वीस वर्सं पाहून राह्यलो."

१५ डिसेंबर

जानरावाला सैलानीला नेलं. आमच्या भागात डोकं फिरलेल्या माणसाला तिथे दर्ग्यावर नेतात, हिंदू असो की मुसलमान. बनाबाईला पटत नव्हतं. "आमी बुद्धाचे. आमच्यात हे नाई, माई. पन सासू आयकत नाही, आन मले दुसरं काय येते?" मी तिच्यासोबत दशम्या दिल्या.

आता मिसळण हे स्वतः करतात. दुसऱ्या कोणाला प्रमाण साधत नाही. "हात बसावा लागते, मॅडम. स्वयंपाकासारखं हाय." संध्याकाळी येतात तेव्हा हातांची कातडी लाल, कोरडी झालेली असते. मी कोपरापर्यंत खोबरेल चोळून देते. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी माझ्याकडून हात चोळून घेतले नव्हते. आता रोज ओसरीवर बसून लहान मुलासारखे हात पुढे करतात.

सकाळी निघण्यापूर्वीही चोळायचं ठरवलं आहे. तेवढंच कातडीला संरक्षण.

२ जानेवारी १९७१

हे म्हणतात, कानात घंटा वाजते. सारखी, बारीक. मी म्हटलं, भाग्यवान आहात. आमच्या कॉन्व्हेंटात दुपारी प्रार्थनेची घंटा व्हायची, आणि आम्ही मुली जिथे असू तिथे थांबायचो, कोणाच्या हातात वेणीची रिबन, कोणाच्या हातात पेरू. किती दिवसांनी आठवलं. ह्यांना सांगत होते, पण हे उठून गेले.

भूक मात्र छान लागते आहे. मी पिठलं दोनदा केलं.

माझी बोटं थोडी बधिर आहेत. थंडी यंदा जास्त आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

लिहू नये असं वाटतं, पण मन कुठे मोकळं करू?

आठ दिवस हे माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी विचारलं तर उत्तर नाही. रंगराव ओसरीवर येतात, तेव्हा त्यांच्याशी चांगले बोलतात. मी खोलीत असले की मी भिंत. वाटलं, मी परवा म्हटलं की जानरावाचं दुखायचं तसं तुमचंही डोकं दुखतं, त्याचा राग आला असेल.

आज तिळगूळ घेऊन पुढे गेले. "तिळगूळ घ्या, गोड बोला." हे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. पुन्हा म्हटलं. मग एकदम ताटलीवर हात मारला. लाडू मोरीपर्यंत घरंगळत गेले. "नुसतं तोंड काऊन हालवतेस? बोलत काऊन नाहीस माह्याशी?"

मी बोलत होते. मी दोनदा बोलले होते.

ह्यांना माझी टवाळी करावीशी वाटते, इतकं मी काय केलं?

१९ जानेवारी

जानराव गेला. सैलानीहून परत आणला होता, जरा शांत वाटत होता. काल झटके आले, एकामागून एक. बनाबाईकडे जाऊन आले. ती रडत नव्हती. म्हणाली, "मले वळखलं नाई त्यानं शेवटपर्यंत."

ह्यांना सांगितलं. हे जेवत होते, जेवतच राहिले. मला ह्यांची भीती वाटली.

२६ जानेवारी

ह्यांचं प्रमाण चुकलं. सबंध माल करपला. हे यंत्रापुढे उभे राहून विचारत होते, आधी भुकटी की आधी तेल. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. रंगरावांनी घरी आणून बसवलं, आणि ओसरीवरच झटका आला. मी डोकं मांडीवर धरलं. जानरावाचे झटके बनाबाईनं जसे सांगितले होते तसेच.

आता मला कळतं आहे. काय कळतं आहे ते सांगता येत नाही, पण कळतं आहे.

३ फेब्रुवारी, नागपूर

रंगराव आणि मी ह्यांना घेऊन आलो. डॉक्टर तरुण आहेत, विलायतेत शिकलेले. त्यांनी पोलादाचे चिमटे वाजवून ह्यांच्या कानाशी धरले. जाड आवाजाचा चिमटा ह्यांना ऐकू आला. बारीक आवाजाचे एकही ऐकू आले नाहीत. डॉक्टर मला म्हणाले, "बायकांचे, मुलांचे आवाज त्यांना तुटक येत असतील, कधी येतच नसतील. पुरुषी, जाड आवाज येतो."

संक्रांतीची ताटली डोळ्यांपुढे आली. मी खिडकीकडे तोंड केलं.

मग त्यांनी कारखान्यात काय वापरता ते विचारलं. मी म्हटलं, शिसं नाही, शिसं ह्यांनी मुद्दाम टाळलं, कथील आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नुसतं कथील पोटात गेलं तरी तसंच बाहेर पडतं, कल्हईचं भय नाही. पण हे औषध म्हणजे कथलाला जोड देऊन केलेला वेगळाच पदार्थ. तो तेलात विरघळतो, कातडीतून आत जातो आणि मेंदूत जाऊन बसतो. काही जाती कमी वाईट असतात, काही फार वाईट. एकात दुसरी मिसळलेली असली तरी वरून कळत नाही. फ्रान्समध्ये सोळा-सतरा वर्षांपूर्वी गळवांवरच्या गोळ्यांत असंच कथील गेलं होतं. शंभरावर माणसं दगावली. "मी हे पुस्तकात वाचलं आहे, बाई. पेशंट पहिल्यांदा पाहतो आहे."

मी विचारलं, बरे होतील ना? ते म्हणाले, जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. यापुढे एक थेंबही लागू देऊ नका. घरात शांत ठेवा.

मी विचारलं, तेलात म्हणजे कोणत्याही तेलात? ते म्हणाले, हो, का?

"काही नाही," म्हटलं, आणि खोबरेल चोळणारे माझे हात पदराखाली घेतले.

११ फेब्रुवारी, खामगाव

परत आलो तर शेड चालू. रंगराव आमच्याआधी दोन दिवस निघून आले होते. मिसळणीच्या परातीपुढे बनाबाई, कोपरापर्यंत हात भुकटीत.

मी तिचा हात धरून बाहेर काढला. "बनाबाई, हे विष आहे. जानराव ह्यानंच गेला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमी त म्हने कल्हईचं हाय."

"माझं चुकलं."

"आता चुकलं म्हनता. तवा पातेलं दाखोलं होतं." ती रागानं बोलत नव्हती, समजावत होती. "त्याले बाहेरचं झालतं, माई. मालकाईले वारा लागला असन. आन काम सोडून काय करू? जिन त बंद हाय. त्याची जागा मले देली, थेच लय झालं."

रंगराव मागून आले. "वहिनी, नागपूरच्या डॉक्टरचं आयकून तुम्ही लोकाईले भेव घालून राह्यल्या. कथलानं माणूस मरत असता त कल्हईवाले कधीचेच मेले असते. घरोघरची लेकरं मेली असती."

मी सांगितलं, हे वेगळं कथील. त्यांनी विचारलं, "वेगळं म्हंजे कसं?" मला डॉक्टरांसारखं सांगता येईना. बायका पातेलं समजल्या होत्या. हे कोणाला समजेना.

सगळ्यांना घरी पाठवलं आणि शेडला कुलूप लावलं. शेडचे कागद ह्यांच्या नावावर आहेत, तेवढा माझा हक्क. पिंप ओतून द्यावं तर कुठे? मागच्या नाल्याचं पाणी खाली विहिरीला लागतं.

रंगराव निघून गेले.

१८ फेब्रुवारी

एस.टी.नं बुलढाण्याला जाऊन, कारखाने तपासणाऱ्या कचेरीत एका साहेबांना भेटले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. त्यांच्याकडच्या विषांच्या यादीत शिसं आहे, पारा आहे. कथील नाही. "बाई, आमच्या घरी दर महिन्याला कल्हईवाला येतो," ते हसून म्हणाले. हसणं वाईट नव्हतं. मीही ऑक्टोबरात पातेलं दाखवताना तशीच हसले असेन.

२७ फेब्रुवारी

रंगराव आले नाहीत त्याला पंधरवडा झाला.

ह्यांना मी ऐकू येत नाही. मी जाड आवाज काढून पाहिला, खोकला येतो. पाटीवर लिहून दाखवलं. हे वाचायला लागतात, ओळीच्या शेवटी येईतो सुरुवात विसरतात, पुन्हा पहिल्यापासून, आणि मग पाटी फेकतात. शेजारच्या गृहस्थांना बोलावलं, त्यांचा आवाज भारी आहे. पण ह्यांनी त्यांना ओळखलं नाही, तांब्या उचलून मारला. जुनं तेवढं आठवतं. रंगराव आठवतात. दिवसभर ओसरीवर बसून विचारतात, "रंगा काऊन नाही आला? नळीचं काय झालं?" मी पुढे गेले की माझं तोंड हलताना दिसतं, आणि त्याचाच राग येतो.

काल मला मारलं. गालावर. मग आपल्याच हाताकडे पाहत बसले. त्यांना त्या हाताची ओळख पटत नसावी.

मी ह्यांच्यापुढे आता तोंड मिटून वावरते. पदर तोंडावर धरते. इतकी वर्षं ह्यांना माझं बोलणं ऐकायला आवडायचं. मी कॉन्व्हेंटातल्या गोष्टी सांगायची आणि हे पुन्हा पुन्हा विचारायचे, मग सिस्टर काय म्हणाली?

३ मार्च

रंगरावांच्या घरी गेले. दारातच म्हटलं, भाऊजी, दिवसातून एकदा येत जा. ते तुमचंच ऐकतात.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नव्हतं. ह्यांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं आहे. "येतो ना, वहिनी. मले काय दादा नको आहे?" मग पायाच्या अंगठ्यानं उंबरा उकरत म्हणाले, "पण मले मलकापूरकडं जागा पाहा लागून राह्यली. यंत्र तिकडं नेलं त रोज कसं जमन? शेड अठी चालू असली त येणं-जाणं सोपं पडते."

मी परत फिरले. यंत्र कुठेही नेलं तरी मिसळण कोणीतरी करणारच, असं वाटेत स्वतःला सांगत होते. खरं आहे ते. आणि ते मी का सांगत होते तेही मला ठाऊक होतं.

६ मार्च

चावी दिली.

बनाबाईकडे जाऊन सांगितलं, हाताला कापड बांध, तेल लावू नको, डोकं दुखलं तर त्या दिवशी घरी राहा. ती हो म्हणाली. ती माझी समजूत काढण्यासाठी हो म्हणते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमी लय वाळल्या, माई," म्हणाली. निघताना मला कोथिंबिरीची जुडी दिली.

दुपारी रंगराव आले. ओसरीच्या पायरीवरूनच हाक मारली, "दादा." ह्यांनी लगेच मान वळवली. महिन्यात पहिल्यांदा ह्यांचे डोळे कोणाच्या तरी चेहऱ्यावर स्थिर झाले.

"काय सांगू, वहिनी?" रंगरावांनी विचारलं.

किती काय साठवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "सांगा, ती तुमच्याशी बोलते. रोज बोलते."

रंगरावांनी सांगितलं.

"कोन?"

"वहिनी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रंगरावांकडे. "थे नाही बोलत," हे गुपित सांगावं तसे म्हणाले. "रुसली माह्यावर." मग विचारलं, "नळी निघते काय?"

रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान डोलावली.

"निघते ना, दादा. काचेसारखी."

"मिसळण कोन करते?"

"बनाबाई."

"हात बसला तिचा?"

"हाव. चांगला बसला."

हे हसले. पाठ टेकून, डोळे मिटून, पुष्कळ वेळ हसत राहिले. कपाळावरची आठी गेली. मी पंखा घेऊन जवळ बसले, तरी मला दूर ढकललं नाही.

रंगराव जायला उठले. मी त्यांना म्हटलं, "उद्याही या."